बर्फात माणूस जगतो कसा?

वैशाखातील गोंदियाची दुपार कशी असते हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. राईस मिलच्या तापलेल्या पत्र्याखाली पोती वाहणाऱ्या हमालास आणि ओसरीत तेंदूपत्ता कापीत बसलेल्या विडी कामगार बाईस तर नकोच नको. अशा दिवसांत आम्ही बर्फाविषयी बोलावयाचे ठरविले, तेव्हा आमच्या संघटनेतील एका वृद्ध सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "भाऊ, बर्फाचा आणि आपला संबंध काय? रसवंतीत उसाच्या रसात पडतो तेवढाच ना?"

प्रश्न रास्त होता. त्याची दोन उत्तरे आम्हांस सुचली. पहिला संबंध जमिनीचा. आपण राहतो तो मुलूख म्हणजे जुने गोंडवन. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांनी मध्य भारतातील खडकांच्या एका मोठ्या मालिकेस 'गोंडवाना' हे नाव दिले. पुढे एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने दक्षिणेकडील प्राचीन भूखंडासच 'गोंडवानालँड' म्हटले. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाभोवतीचा अंटार्क्टिका हे सारे एकत्र नांदत होते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती वाटेत मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. अंगात पाऊल उचलण्याचे त्राण नसतानाही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. तीच पाने आपल्या वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाच्या थरांत मिळतात. तेव्हा बर्फाखालची ती भूमी आपल्यास परकी नाही. आपल्याच मुलुखाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातील ती दूर गेलेली बहीण आहे.

दुसरा संबंध माणसाचा. जेथे निसर्ग माणसास उघड्यावर एक रात्रही जगू देत नाही, तेथे माणूस वर्षभर राहतो तो कोणाच्या बळावर? शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर असते: शूर नेत्याच्या बळावर. आमचे शालेय शिक्षण अर्ध्यावर राहिले. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत शिकलो. त्या शिक्षणाच्या आधारे आम्ही एवढेच म्हणतो की पुस्तकातील ते उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. उरलेले उत्तर काय, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

प्रथम आपल्या देशाची हकीकत पाहू. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून 'पोलर सर्कल' नावाचे एक नॉर्वेजियन जहाज निघाले. जहाज भाड्याचे होते, पण त्यावरील २१ जणांची तुकडी आपली होती. तिचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. मोहिमेचा गाजावाजा केलेला नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्यास परतली. त्यानंतर दुसरी मोहीम गेली आणि १९८३ च्या डिसेंबरात 'फिनपोलारिस' जहाजातून तिसरी निघाली. तिचे नेते डॉ. हर्ष गुप्ता होते. या तिसऱ्या तुकडीत दोन स्त्रिया होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या बंगालच्या, आणि दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली आपल्या नागपूरचा. त्यांनी पुणे विद्यापीठातून पदवी घेतली, हवाई आणि लंडन येथे पुढचे शिक्षण केले आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या या दोघी पहिल्या स्त्रिया होत. जेथे समुद्र नावालाही नाही अशा वऱ्हाड-नागपूरकडील मुलीने समुद्राचे शास्त्र शिकावे आणि जगाच्या अगदी टोकाच्या समुद्रात जावे, ही गोष्ट येथील मुलींच्या कानावर मुद्दाम घालण्यासारखी आहे.

याच मोहिमेने सुमारे दोन महिन्यांत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले कायमचे ठाणे उभारले. जहाज परतले, तेव्हा बारा माणसे मागे राहिली. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा त्यांचे प्रमुख होते. ध्रुवीय हिवाळा तेथे काढणारी ही पहिली भारतीय तुकडी. समुद्र गोठला की जहाज येत नाही आणि काळोख्या हिवाळ्यात तेथे पोहोचण्याचा दुसरा मार्गही त्यांना नव्हता. सूर्य सुमारे दोन महिने क्षितिजावर येत नाही. कोणी आजारी पडले, यंत्र बंद पडले किंवा आग लागली, तर जे काही करावयाचे ते त्या बाराजणांनीच.

आता आपण मुख्य प्रश्नाकडे वळू. बर्फात माणसास मारते काय?

अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. त्यातील ९८ टक्के भूमी बर्फाखाली असून बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर आहे. रशियाच्या व्होस्तोक ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तपमानाची नोंद झाली. समुद्राजवळ असलेल्या आपल्या ठाण्यांवर इतकी थंडी नसते, तरी हिवाळ्यात पारा उणे तीस-पस्तीसपर्यंत उतरतो. हे आकडे ऐकून वाटते की मारणारी ती थंडीच. वस्तुतः निव्वळ थंडीवर माणूस पुष्कळसा मात करू शकतो. त्याला मारतात ते थंडीचे साथीदार.

पहिला साथीदार वारा. आपल्या अंगाभोवती हवेचा एक पातळ थर शरीराच्या उष्णतेने ऊबदार झालेला असतो. लोकरीचे कापड ऊब देते म्हणजे काय करते? आपल्या तंतूंत ही हवा अडवून धरते, एवढेच. वारा सुटला की तो हा थर पळवून नेतो. शरीर नवा थर तापविते, वारा तोही नेतो. तेथील हिमवादळात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि उडत्या हिमामुळे स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून वादळात दोन इमारतींमधील थोडेसे अंतरही दोरीला धरूनच चालावे लागते. दोरी सुटली तर दारापासून वीस पावलांवर माणूस हरवतो.

दुसरा साथीदार घाम. हे ऐकून आपणास आश्चर्य वाटेल, कारण घाम हा आपल्याकडे कष्टाचा दागिना. तेथे तो वैरी आहे. घामाने कपडे भिजले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णता फार वेगाने ओढून घेते. काम थांबताच तो ओलावा अंगावर गोठू लागतो. म्हणून तेथील नियम असा की कामाचा वेग घाम येण्यापूर्वीच आवरावयाचा आणि अंगावरील एक कपडा वेळीच उतरवावयाचा. जो मुकादम माणसांना दामटून धावावयास लावील तो तेथे त्यांचा जीव घेईल. मुकादमांविषयीचे हे मत आम्ही येथेही पुष्कळ वर्षे मांडीत आलो आहोत. विज्ञानाचा पाठिंबा त्यास दक्षिण ध्रुवावरून मिळेल असे मात्र वाटले नव्हते.

तिसरी गोष्ट पाण्याची. पृथ्वीवरील निम्म्याहून अधिक गोडे पाणी अंटार्क्टिकावर आहे, आणि तरीही तेथे माणूस तहानेने मरू शकतो. कारण ते सारे गोठलेले आहे. एक किलो बर्फ वितळविण्यास इतकी उष्णता लागते की तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणजे पाणी हवे तर इंधन हवे. स्कॉटच्या तुकडीस परतीच्या वाटेवरील साठ्यांत रॉकेलचे डबे अर्धवट रिकामे मिळाले. डब्यांच्या बुचाखालील चामड्याच्या चकत्या थंडीने आखडल्या होत्या आणि तेल निसटून गेले होते. त्याच्या आधी ध्रुवावर पोहोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनने आपले डबे डाग देऊन पक्के बंद करविले होते. स्कॉटच्या मृत्यूला इतरही कारणे होती. तथापि डब्याच्या तोंडावर नीट बसलेला एक डाग माणसाच्या धैर्याइतकाच मोलाचा असतो, हे आमच्या टिनकाम करणाऱ्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

चौथा साथीदार सर्वांत फसवा. तो म्हणजे ऊब मिळवावयाची घाई. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. अपुऱ्या हवेत इंधन जळले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. १९९० च्या जानेवारीत आपल्या नवव्या मोहिमेतील चार सदस्य हंबोल्ट पर्वताच्या भागात तंबूत याच वायूने मरण पावले. ते गारठून गेले नाहीत. ऊब देणाऱ्या तंबूतच त्यांचा घात झाला. त्यांच्या स्मृतीस येथे वंदन करून आम्ही पुढे जातो.

आता घराचा विचार करू. दक्षिण गंगोत्रीचे ठाणे समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या जाड तक्त्यावर होते. सपाट बर्फावर कोणतीही वस्तू उभी केली की वारा तिच्याभोवती अडखळतो आणि हातातील हिम तेथे टाकून देतो. नदीत खांब रोवला की त्याच्याभोवती गाळ साचतो, तसाच हा प्रकार. वर्षागणिक घर बर्फाखाली गडप होऊ लागले आणि आत जाण्यासाठी वरून खाली उतरण्याची पाळी आली. अखेर १९९० च्या सुमारास ते ठाणे सोडावे लागले. तोवर सुमारे ९० किलोमीटर आत, शिरमाखर नावाच्या उघड्या खडकाळ टापूत 'मैत्री' हे दुसरे ठाणे उभे राहिले होते. त्याच्या उभारणीत पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या अभियंत्यांचा आणि आपल्या लष्कराच्या जवानांचा वाटा होता. या वेळी घर खडकावर, खांबांवर उचलून बांधले. वारा खालून निघून जातो आणि हिम साचत नाही. शेजारी गोड्या पाण्याचे तळे आहे, त्याला 'प्रियदर्शिनी' असे नाव दिले आहे. पुढे २०१२ साली लार्समन टेकड्यांवर 'भारती' हे तिसरे ठाणे सुरू झाले. त्याचा सांगाडा मालवाहतुकीच्या १३४ कंटेनरांचा आहे. या साऱ्या मोहिमांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

ठाणे चालविणारी माणसे कोण? वैज्ञानिक असतातच. ते हवेचा दाब मोजतात, ओझोनची नोंद ठेवतात, खडक तपासतात. परंतु त्यांच्या जोडीस डॉक्टर असतो, जनित्र सांभाळणारा मेकॅनिक असतो, वाहनांचा मिस्त्री, वेल्डर, सुतार, नळ दुरुस्त करणारा आणि स्वयंपाकी असतो. जनित्र थांबले तर उष्णता थांबते, पाण्याचे नळ गोठून फुटतात, दूरसंदेश बंद पडतो. म्हणजे जनित्रापाशी रात्रपाळीस बसलेल्या मेकॅनिकच्या जागेपणावर साऱ्यांची झोप अवलंबून असते. शास्त्रज्ञाचा एक दिवस वाया गेला तर एका दिवसाची नोंद बुडेल. मेकॅनिकचा एक दिवस वाया गेला तर नोंद ठेवणारा उरणार नाही. यात शास्त्रज्ञाचा अनादर नाही. ही गोष्ट त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

हाच धडा शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध कथेत अधिक स्पष्ट दिसतो. सर अर्नेस्ट शॅकल्टन २८ माणसांनिशी 'एन्ड्युरन्स' जहाजातून अंटार्क्टिका ओलांडावयास निघाला. १९१५ च्या जानेवारीत जहाज समुद्रातील बर्फात रुतले. दहा महिने बर्फाने ते आवळले आणि नोव्हेंबरात ते बुडाले. माणसे तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. पुढे तीन होड्यांतून ती एलिफंट बेटावर पोहोचली. तेथे कोणी येण्याचा संभव नव्हता. म्हणून शॅकल्टन पाच सोबत्यांसह सुमारे सात मीटर लांबीच्या एका होडीतून दक्षिण जॉर्जिया बेटाकडे निघाला. जगातील सर्वांत खवळलेल्या समुद्रातून त्यांनी सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर सोळा-सतरा दिवसांत काटले. मग बेटावरील डोंगर आणि हिमनद्या ३६ तास अखंड चालून ओलांडल्या व व्हेल पकडणाऱ्यांची वस्ती गाठली. ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या 'येल्चो' जहाजाने एलिफंट बेटावरील बावीसही माणसे सोडविली. या २८ जणांपैकी एकही दगावला नाही. शॅकल्टनचे नेतृत्व थोर होते हे निर्विवाद आहे.

परंतु ती होडी समुद्रात टिकली कशी? हॅरी मॅकनीश नावाच्या एका स्कॉटिश सुताराने ती टिकविली. होडी उघडी होती. त्याने तिच्या कडा उंच केल्या. घसरगाड्यांच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणे आणि किनतान यांचे तिला छत केले. फटींत दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचे रक्त भरले. डोंगर ओलांडणाऱ्यांच्या बुटांना त्याने होडीतील स्क्रू ठोकून दिले, म्हणजे बर्फावर पाय घसरू नये. त्या हातांवाचून थोर नेता बेटावरच राहिला असता.

आणि याच मॅकनीशने एकदा नेत्यापुढे प्रश्न उभा केला होता. जहाज बुडाल्यावर, १९१५ च्या डिसेंबरात, होड्या बर्फावरून ओढीत नेण्याचा हुकूम झाला. सुतार म्हणाला, यात होड्या फुटतील. शिवाय जहाज बुडाले तेव्हा आमचा करार संपला, आता हुकूम मानण्याचे बंधन नाही. त्या काळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाज फुटले की त्या दिवसापासून खलाशाचा पगार बंद होत असे. म्हणजे त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. शॅकल्टनने सर्वांस गोळा करून करारपत्र वाचून दाखविले आणि तंटा मिटविला. होड्या ओढण्याचा तो प्रयत्न मात्र थोड्याच दिवसांत सोडून द्यावा लागला. बर्फावर मरणाच्या दारात उभे असता शिस्त मोडणे धोक्याचे होते, हे आम्ही मान्य करतो. पण प्रश्न विचारणारा माणूस आणि काम बुडविणारा माणूस यांत भेद आहे. मॅकनीशने काम बुडविले नाही. त्यानंतरच त्याने ती होडी बांधून दिली.

परत आल्यावर मोहिमेतील लोकांस ध्रुवीय पदक मिळाले. चौघांस मिळाले नाही. त्यांत मॅकनीश होता. त्याच्या मनात आणखी एक सल होती. त्याची लाडकी मांजर, खाणाऱ्या तोंडांचा प्रश्न आला तेव्हा, गोळी घालून मारली होती. म्हातारपणी तो न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या धक्क्यावर काम करी. दुखापतीने काम सुटले, निवृत्तिवेतन नव्हते. तो धक्क्यावरील गोदामात ताडपत्रीखाली झोपत असे, आणि गोदी कामगार दर महिन्यास वर्गणी काढून त्याला पोसत. १९३० साली तो वारला. १९५९ पर्यंत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. दगड बसविला तेथील अंटार्क्टिक सोसायटीने. २००४ साली त्यावर त्याच्या मांजरीची काशाची मूर्ती बसली. २०२२ च्या मार्चमध्ये 'एन्ड्युरन्स' जहाजाचे अवशेष तीन हजार मीटर खोल समुद्रात सापडले, तेव्हा साऱ्या जगाने त्याची छायाचित्रे पाहिली. सुताराची आठवण किती जणांना झाली असेल?

एक गोष्ट मात्र बदलली. १९२० साली जिनोआ येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठराव केला की जहाज बुडून खलाशी बेकार झाला, तर मालकाने त्याला बेकारीच्या दिवसांची भरपाई द्यावी; मात्र एकूण भरपाई दोन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित ठेवता येईल. मॅकनीशसाठी तो ठराव झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याने बर्फावर उभा राहून विचारलेला प्रश्न पाच वर्षांच्या आत साऱ्या देशांच्या सभेपुढे आला, हे सत्य आहे.

मग बर्फात माणूस जगतो कसा, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. ऊब, पाणी, अन्न आणि निवारा या चार गोष्टींवर तो जगतो, आणि या चारही गोष्टी कोणा ना कोणाच्या हातांनी केलेल्या असतात. जो या हातांची किंमत ओळखतो त्या नेत्याची माणसे परत येतात. आपल्या ठाण्यांवर एक पद्धत आहे. स्वयंपाकघरातील कामाची पाळी सर्वांस येते. शास्त्रज्ञ, डॉक्टर, प्रमुख, कोणीही सुटत नाही. ज्याची पाळी असेल तो भांडी घासतो, कांदा चिरतो आणि फरशी पुसतो. हिवाळ्याच्या काळोखात भांडणे टाळण्याचा याहून चांगला उपाय अजून कोणास सापडलेला नाही, असे आम्हांस वाटते.

त्या वृद्ध सहकाऱ्यास आम्ही हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे भाऊ, तिकडे साहेबही भांडी घासतो. इकडे का नाही?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. या सभेत राईस मिलचे मालक आहेत, अधिकारी आहेत, शिक्षक आहेत आणि कामगारही आहेत. घरी जाताना आपण सर्वांनी तो प्रश्न बरोबर न्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.